दोन गोष्टींच्या अंतरावरचं हैदराबाद

मुलांनो, जरा डोळे मिटा. नीट मिटा, फटीतून बघायचं नाही. आता असं समजा, की तुम्ही एका घारीच्या पाठीवर बसला आहात. मान तिच्या पिसांत खुपसा, म्हणजे वारा लागणार नाही. घार पंचवटीवरून गोल गोल वर चालली आहे. खाली गोदावरी बघा, कुणी वाळत घातलेली ओढणी वाऱ्यानं उडून पडावी तशी. रामशेजचा डोंगर म्हणजे पालथं घातलेलं पातेलं. द्राक्षांच्या बागा म्हणजे बारीक दातांच्या फण्या. आता घारीनं पूर्व आणि दक्षिण यांच्या मधे तोंड वळवलं आणि पंख स्थिर केले. तिला सिग्नल नाही, घाट नाही, टोलनाका नाही. ती सरळ जाते. तिनं आकाशात जी रेघ ओढली, तेवढंच खरं दोन गावांमधलं अंतर. बाकीचं सगळं अंतर माणसांनी वाढवलेलं असतं.

उघडा डोळे. आजची गोष्ट त्या वाढवलेल्या अंतराची आहे.

पंचवटीतल्या गोदाई सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर सावळीराम बोरस्ते राहत. जन्मभर पाटबंधारे खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेले. नोकरीत असताना 'कालव्याला परवा पाणी सुटेल' असं त्यांनी शेतकऱ्यांना शेकडो वेळा सांगितलं होतं आणि पाणी आपल्या मर्जीनं सुटत राहिलं होतं. त्याबद्दल त्यांना कुणी धारेवर धरलं नव्हतं. दिलेला शब्द पाळावाही लागतो, हा धडा त्यांना चौथीतल्या नातीकडून मिळायचा होता.

नातीचं नाव सृष्टी. तिची आई तृप्ती जूनपासून हैदराबादला होती. कंपनीनं बढती दिली आणि तिकडं धाडलं. बाबा, म्हणजे सावळीरामांचा मुलगा संतोष, सिन्नरच्या कारखान्यात पाळीवर. सुरुवातीला सृष्टी रोज फोनवर विचारायची, "आई, कधी येशील?" मग एक दिवस विचारायचं थांबली. "जेवलीस का?" "हो." "शाळा?" "होती." संपला फोन. घरातल्यांना वाटलं, पोर शहाणी झाली. सावळीरामांना तसं वाटेना. विचारायचं थांबलेल्या पोरीनं मनाशी काहीतरी उत्तर ठरवून टाकलं असणार, आणि ते काय असेल याची त्यांना भीती वाटली.

एका दुपारी त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सृष्टी, हैदराबाद किती लांब आहे गं?"

"खूप," ती म्हणाली. "चंद्राच्या जरा अलीकडे."

सावळीरामांनी लगेच जमिनीवर भारताचा नकाशा पसरला. शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला. एक टोक ओझरच्या विमानतळावर अंगठ्यानं दाबलं, दुसरं सृष्टीला हैदराबादजवळ धरायला लावलं. दोरा ताणला. तो बीडवरून गेला, लातूरवरून गेला, बिदर ओलांडून पोचला.

"बघ. गाडीरस्त्यानं गेलं तर सातशेच्या घरात किलोमीटर. पण विमान घारीसारखं सरळ जातं. साडेपाचशेच्या थोडं वर. आणि वेळ किती? दीड तास!"

"दीड तास म्हणजे केवढा?"

सावळीरामांनी विचार केला. घड्याळ दाखवून उपयोग नव्हता. "दुपारी मी तुला गोष्टी सांगतो ना? तशा दोन गोष्टी. ऐसपैस सांगितलेल्या."

सृष्टी दोऱ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मग आई रोज रात्री जेवायला का येत नाही? दोन गोष्टींत तर मला झोपसुद्धा लागत नाही."

यावर नकाशात उत्तर नव्हतं. सावळीरामांनी घसा खाकरला आणि शब्द देऊन टाकला. "तुला खोटं वाटतं? येत्या शनिवारी जाऊ. दोन गोष्टींत तुला आईपाशी नाही पोचवलं, तर नाव सांगणार नाही."

मुलांनो, मोठ्या माणसांनी असं बोलू नये. संध्याकाळपर्यंत सृष्टीनं ही बातमी सगळ्या सोसायटीला सांगितली होती.

सल्ले यायला सुरुवात झाली. सेक्रेटरी चिमाजीराव एकदा विमानानं जाऊन आले होते, त्यामुळे ते बसताना पाय ताणूनच बसत. त्यांनी कानात घालायला कापूस दिला, तोंडात ठेवायला लवंग दिली आणि आदल्या दिवशी वाटाणे खाऊ नयेत असं बजावलं. विमान लातूरवरून जातं हे कळल्यावर ते खुर्चीतून उठलेच. "अहो, मग माझी मेहुणी आहे ना तिथं! मी तिला गच्चीवर उभी करतो. तुम्ही खिडकीतून हात करा. बरं दिसतं ते."

"इतक्या उंचीवरून हात दिसणार आहे का?"

"नसेना का दिसत. तुम्ही केला हे तिला कळलं म्हणजे झालं."

सावळीरामांनी शेवटी कबूल केलं. मग निफाडजवळच्या गावाहून त्यांची थोरली बहीण आली, कुसाबाई. निरोप द्यायला आल्या आणि पंचांग घेऊन आल्या. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी बोट फिरवलं आणि ते एका जागी थांबलं.

"सावळीराम, शनवारी सकाळी राहुकाळ हाय."

"असू दे, अक्का. विमान पंचांग बघून सुटत नाही."

"म्हनून तर लेट व्हतं," कुसाबाई म्हणाल्या.

सावळीराम एरवी असल्या गोष्टी मानत नसत. पण अक्काचं न ऐकण्याची सवयही त्यांना नव्हती. अक्कांनी तोड काढली. आदल्या दिवशी चांगल्या वेळेला प्रस्थान ठेवायचं.

आता प्रस्थान म्हणजे काय, ते तुम्हांला ठाऊक नसेल. पूर्वी लोक लांबच्या प्रवासाला निघत आणि निघायच्या वेळेला मुहूर्त नसे. मग ते आधीच, चांगल्या वेळी, एका फडक्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि आपली एखादी वस्तू बांधत, आणि जायच्या दिशेला असलेल्या कुणाच्या तरी घरी ते गाठोडं नेऊन ठेवत. गाठोडं गेलं म्हणजे माणूस निघाला. मग मागाहून सावकाश निघायचं आणि वाटेत ते उचलून पुढं जायचं. ते घेतल्याशिवाय मात्र जायचं नाही.

सृष्टी हे तोंड उघडं टाकून ऐकत होती. "म्हणजे आत्याआजी, माणूस घरीच असतो, पण तो निघालेला असतो?"

"व्हय बाई. एकडाव प्रस्थान ठेवलं की निघालाच. मग त्याला कोनी अडवू शकत नाय."

दिशा शोधायचं काम सृष्टीनं घेतलं. तिच्या दप्तराच्या चेनला एक इवलंसं होकायंत्र होतं. जूनमध्ये जाताना आईनं लावून दिलेलं. गॅलरीत उभं राहून तिनं ते तळहातावर धरलं. हैदराबाद आग्नेयेला, म्हणजे पूर्व आणि दक्षिण यांच्या मधल्या कोपऱ्याला. त्या कोपऱ्याला समोरच्या इमारतीत तळमजल्यावर नजीरभाईंचं घर होतं. नजीरभाईंचं आग्रा रोडला टायरचं दुकान. सोसायटीत कुणाच्याही गाडीची हवा गेली की आधी त्यांचं दार वाजे.

"आता ह्यात तुझी अशी चीज घाल, जिच्यावाचून मानसाचं अडतं," कुसाबाई म्हणाल्या. "आपलं आबा पागोटं ठेवायचे."

सावळीराम विचारात पडले. पागोटं नव्हतं. काठी लागत नव्हती. दातांच्या कवळीवाचून अडत होतं, पण रात्रीचं जेवण व्हायचं होतं. हल्लीच्या काळात माणसाचं खरोखर कशावाचून अडतं? गॅसला काय लागतं? बँकेत काय लागतं? त्यांचा चेहरा उजळला. अतिशय समाधानानं त्यांनी पाकिटातून आधार कार्ड काढलं आणि तांदळात ठेवलं. कुसाबाईंनी वर अशा गाठी मारल्या की बैलानंही तोडू नयेत.

नजीरभाईंच्या पत्नी जहिदाभाभींनी दोन्ही हातांनी गाठोडं घेतलं आणि शोकेसमध्ये, मक्केच्या चित्राशेजारी ठेवलं. "अमानत हाय काका," त्या म्हणाल्या. "कुनी हात लावनार नाही."

शनिवारी सकाळी कुसाबाईंनी दोघांच्या हातावर दही ठेवलं. हवेत गारवा होता, सोसायटीच्या फाटकापाशी रिक्षा उभी होती, गॅलऱ्यांतून माणसं हात हलवत होती. चिमाजीराव ओरडून 'लातूर, लातूर' एवढंच सांगत होते. सावळीराम एखाद्या मोहिमेवर निघालेल्या सरदारासारखे नजीरभाईंच्या दारापाशी गेले.

दाराला कुलूप होतं.

त्यांनी कुलूप हलवून पाहिलं, जणू ते चुकून लागलं असावं. मग फोन लावला. पलीकडून बँडचा आवाज आला आणि त्यातून नजीरभाईंचा. "काका, आम्ही येवल्याला! भाचीची शादी हाय ना. काल संध्याकाळीच आलो."

"आणि गाठोडं?"

"घाबरू नका, एकदम सेफ हाय. जहिदा म्हनली, रिकाम्या घरात अमानत कशी सोडायची? तिनं पर्समधे घेतलं. हितं स्टेजवर तिच्या मांडीवर हाय."

सावळीराम पायरीवर बसले. त्यांचं प्रस्थान खरोखरच निघून गेलं होतं, एकटंच, येवल्याला, लग्नाची बिर्याणी खायला. गॅलऱ्यांतली माणसं हात हलवायची थांबली होती. याहून वाईट म्हणजे, काय झालं ते प्रत्येकाला कळलं होतं.

"आधार त्यात आहे हो," ते क्षीण आवाजात म्हणाले.

पलीकडे बँड थांबला की काय, असं वाटलं. मग नजीरभाई म्हणाले, "काका, तुम्ही ओझरला निघा. मी हितून निघतो. विमानाच्या आधी पोचलो नाही तर टायरचा धंदा सोडीन."

रिक्षा निघाली. सृष्टी मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आजोबा, पहिली गोष्ट."

"अगं, गोष्टी विमानात."

"आत्याआजी म्हणाली ना, आपण कालच निघालो. म्हणजे प्रवास सुरू आहे."

सावळीरामांनी कालव्यातल्या माशाची गोष्ट सुरू केली. त्या माशाला समुद्र बघायचा होता, पण त्याच्या चारीला, म्हणजे कालव्याच्या बारक्या फाट्याला, पाण्याची पाळीच येत नव्हती. मासा अजून अर्ज लिहीत होता, तोवर आडगाव आलं. पुढं पिंपळगावकडे चाललेल्या कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली. माशाला परवानगी मिळाली, पहिली गोष्ट संपली, आणि रिक्षा जागची हलली नव्हती. दहावा मैल नावाचा थांबा येईपर्यंत दुसरीही संपली. रामशेजच्या डोंगरावर धोतर अडकलेल्या एका म्हाताऱ्या ढगाची ती होती.

सृष्टीनं बाहेर पाहिलं. एका टपरीवर वडापाव तळत होते. "दोन गोष्टी झाल्या, आजोबा. हैदराबाद कुठंय?"

सावळीरामांनी कानात कापूस घातला.

विमानतळाच्या दारापाशी बंदूकवाला जवान उभा होता. सृष्टीच्या गळ्यातलं शाळेचं कार्ड बघून तो हसला. सावळीरामांकडे वळल्यावर हसायचं थांबला.

"आपका आयडी?"

"आ रहा है," सावळीराम म्हणाले. "येवला से."

"आप यहाँ, आयडी येवला में?"

"हम कल निकले. मतलब हम घर में ही थे, लेकिन हम निकल गये थे. मतलब चावल में बांधके…" हिंदी संपली. जवानानं अतिशय आदरानं त्यांना बाजूच्या बाकाकडे बोट दाखवलं. पोरगी आत जाऊ शकत होती, आजोबा नाही. पंधरा हजार हेक्टरांना पाणी वाटलेल्या माणसाला दाराबाहेर बसावं लागलं.

"मी जाऊन विमानाला थांबायला सांगू का?" सृष्टीनं विचारलं.

शेजारी बसलेल्या एका बाईनं सुचवलं, आधार फोनवरही निघतं, जवान तेही चालवून घेतो, फक्त नंबरवर ओटीपी येतो. सावळीराम उत्साहानं कामाला लागले. ओटीपी गेला. तो त्यांच्या जुन्या नंबरवर गेला. तो नंबर त्यांनी कधीच सोडून दिला होता. त्यांनी तोच नंबर फिरवला. उचलणारा त्र्यंबकेश्वरला देवळाच्या वाटेवर नारळ-फुलं विकणारा निघाला. त्यानं नाव सांगितलं, लखन. सावळीरामांनीही आपलं नाव सांगितलं.

"बोरस्तेकाका का? अहो, कुठं हाय तुम्ही? तुमच्या गॅसचे मेसेज मलाच येतात! टाकी मिळाली का मागची?"

"मिळाली, मिळाली. लखनराव, आता एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगा."

मग लखन गंभीरपणे म्हणाला, "काका, ते नाय सांगता येनार. टीव्हीवर सांगतात, सख्ख्या बापाला बी ओटीपी सांगू नका."

"अरे पण तो माझाच आहे!"

"सगळे हेच म्हनतात, काका. तुमच्याच भल्यासाठी नाय सांगत. उद्या कुनी तुमचं नाव सांगून फोन केला तर? पन मी त्र्यंबकराजाला एक फूल घालतो तुमच्या नावानं. तुम्ही बिनघोर बसा."

तो इतका प्रामाणिक होता की त्याच्यावर रागावताही येईना. ते बिनघोर बसले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. ऊन बाकावर उतरलं होतं. समोरच्या माळावर एक घार संथ गोल फिरत होती. सृष्टी त्यांच्या कुशीला टेकली. त्यांनी तिसरी गोष्ट सुरू केली, मग चौथी. पाचवीत मासा, ढग आणि नारळवाला एकत्र राहायला लागले.

मधेच सृष्टी म्हणाली, "आजोबा, तुम्ही खोटं नाही बोललात. आकाशात दोनच गोष्टी आहेत. जमिनीवर जास्त आहेत."

खिशातली लवंग त्यांनी तोंडात टाकली.

आणि मग धुळीचा एक लोट आला. लोटातून मोटारसायकल आली, तिच्यावर जरीची शेरवानी घातलेले नजीरभाई, दाढीत धूळ, कानामागे अत्तराचा फाया आणि छातीशी ते गाठोडं. पाठोपाठ आतून घोषणा झाली की विमानाला यायलाच थोडा उशीर झाला आहे. त्याच वेळी सावळीरामांचा फोन वाजला. कुसाबाई होत्या. "झालं का विमान लेट? मंग! प्रस्थान हाय म्हनून थांबलंय."

गाठी सुटेनात. अखेर जवानानं बंदूक खांद्यावर सरकवली आणि नजीरभाई, सावळीराम आणि तो, तिघांनी मिळून दातओठ खात त्या सोडवल्या. तांदूळ विमानतळाच्या चकचकीत फरशीवर सांडले. आधार कार्ड हळदीनं माखलं होतं. त्यावरचे सावळीराम लग्नाला उभे असल्यासारखे दिसत होते. जवानानं बराच वेळ बघितलं आणि बाजूला होत म्हणाला, "मुबारक हो. जाइये."

विमान उडालं. खाली द्राक्षबागांच्या फण्या, मग करड्या जमिनीचे तुकडे, मग काहीच नाही, फक्त ढग. कुठं रस्ता नाही, कुठं नाका नाही. कुणी काही विचारत नव्हतं. सावळीरामांनी सहावी गोष्ट सुरू केली, आणि दुसऱ्याच वाक्याला सृष्टीला झोप लागली. तिच्या केसांना बाकावरच्या उन्हाचा वास येत होता. ते एकटेच खिडकीतून बघत बसले. बराच वेळ गेल्यावर त्यांना वाटलं, आता लातूर आलं असावं. इकडेतिकडे बघून त्यांनी हळूच हात वर केला आणि काचेशी हलवला. पांढऱ्या ढगांखाली कुठंतरी एक बाई गच्चीवर उभी असेल, मान वर करून.

हैदराबादला बाहेर आल्या आल्या तृप्तीनं लेकीला उचललं. चौथीतली मुलगी उचलायला जड असते, पण तिनं खाली ठेवलं नाही. आईच्या खांद्यावर हनुवटी टेकून सृष्टीनं कितीतरी महिन्यांनी विचारलं, "आई, तू कधी येशील?"

"येईन गं. एप्रिलमध्ये बघू."

सावळीरामांनी तो 'बघू' ओळखला. असल्या 'बघू'तून कालव्याला पाणी सुटत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! सृष्टीनं तोंड आईच्या खांद्यात खुपसलं. ती पुन्हा गप्प होणार, असं त्यांना वाटलं.

रविवारी दुपारी जेवणं झाली. भांडी आवरताना सृष्टीनं विचारलं, "आई, तुझं कशावाचून अडतं?"

"माझं? तुझ्यावाचून."

"तसं नाही. खरंखरं."

तृप्ती हसली. दाराजवळच्या खिळ्याला लटकवलेल्या पट्टीकडे तिनं बोट दाखवलं. "त्या कार्डावाचून. ते नसेल तर ऑफिसचं दारसुद्धा उघडत नाही."

थोड्या वेळानं आई सोफ्यावर झोपली. सावळीराम पेपर तोंडावर घेऊन पडले होते. पेपराखालून त्यांना दिसलं, सृष्टी स्वयंपाकघरात गेली. डबे वाजले. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तिचा रुमाल होता आणि मुठीत तांदूळ. तिनं खुर्ची सरकवली आणि खिळ्यावरचं कार्ड काढलं. मग दप्तराच्या चेनचं होकायंत्र तळहातावर धरून ती खोलीच्या मधोमध उभी राहिली.

"आजोबा," ती कुजबुजली. "तुम्ही जागे आहात, मला माहितेय. इथून नाशिक कुठं?"

सावळीरामांनी पेपर खाली घेतला. सोमवारी सकाळी या घरात काय गोंधळ होणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. पण मुलानं दिशा विचारली तर खोटी सांगायची नसते.

"वायव्येला," ते म्हणाले. "पश्चिम आणि उत्तर यांच्या मधे."

वायव्येला समोरचं दार होतं. तिथं एक तेलुगू आजी राहत. त्यांना मराठी येत नव्हतं आणि सृष्टीला तेलुगू. तिनं घंटी वाजवली, दोन्ही हातांनी गाठोडं पुढं केलं, आणि त्या आजींनी, का कुणास ठाऊक, ते दोन्ही हातांनीच घेतलं.

परत येऊन सृष्टीनं दार हळू लावलं. मग ती सोफ्यापाशी जमिनीवर बसली, झोपलेल्या आईच्या कानाजवळ तोंड नेलं आणि अगदी हळू आवाजात पहिली गोष्ट सांगायला लागली.

"आई, डोळे मिटलेलेच ठेव. आता असं समज, की तू एका घारीच्या पाठीवर बसली आहेस…"